कोणती कालवड ठेवायची?

देवणी गोवंशाचा विषय निघाला की बोलणं बैलाकडे वळतं. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुणाच्या वळूला पहिला नंबर मिळाला, हळी-हंडरगुळीच्या बाजारात जोडी कितीला सुटली, कुणाच्या गोऱ्ह्याचं कपाळ कसं भरून आलंय, याच्या गप्पा पारावर तासन्‌तास चालतात. कालवडीचं नाव निघतं ते बहुतेक वेळा ती विकायची असते तेव्हा. ही पुस्तिका त्या मागे राहिलेल्या जनावराची आहे. घरात जन्मलेल्या कालवडींपैकी पुढच्या पैदाशीसाठी कोणती ठेवायची, कोणती नाही आणि हे ठरवायचं कधी, एवढाच तिचा विषय.

बैलाचं कौतुक उगाच झालेलं नाही. बालाघाटच्या रांगा आणि मांजरेचं खोरं यांच्यामधल्या भारी काळ्या रानात नांगर ओढायला जनावर दणकटच लागे, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत शेतकऱ्याच्या घरात सगळ्यात जास्त पैसा उभा करणारी वस्तू म्हणजे तयार झालेला गोऱ्हा होती. गाय पाळायची ती तो गोऱ्हा देते म्हणून. दूध हा वरकड फायदा. त्यामुळे वासरू जन्मलं की पहिला प्रश्न गोऱ्हा की कालवड हाच, आणि त्याच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरे. आजही ठरतं. या इलाख्यातल्या कुठल्याही गोठ्यात धारेच्या वेळी उभं राहून बघावं. गोऱ्हा असेल तर त्याच्यासाठी दोन सड राखतात, हात आखडता घेतात. कालवड असेल तर पान्हा सुटेपर्यंत तोंड लावू देतात आणि मग दाव्याला धरून बाजूला ओढतात. तिच्या वाट्याला येतो तो एखादा सड, तोही शेवटचा. कुणी दुष्टपणानं करत नाही हे. पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब हाताला लागलेला आहे.

या एका सवयीची किंमत किती, हे आकड्यात मांडलं तर डोळे उघडतात. देवणी वासरू जन्मतः बावीस किलोच्या आसपास भरतं. कालवड पहिल्यांदा भरवायची ती तिच्या आईच्या पूर्ण वाढलेल्या वजनाच्या साधारण ६० टक्क्यांवर आली की. आई ३८० किलोची असेल तर हा टप्पा २२८ किलोंचा. म्हणजे जन्मापासून दोनशेसहा किलो वाढ हवी. रोजची वाढ २०० ग्रॅम असेल तर त्याला १,०३० दिवस लागतात, जवळजवळ चौतीस महिने. त्यावर सव्वानऊ-साडेनऊ महिन्यांचा गाभणकाळ धरा. कालवड पहिल्यांदा वितेल ती साडेतीन वर्षं उलटून गेल्यावर. एकदा-दोनदा उलटली, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही, तर पावणेचार वर्षं झालीच. तेच रोज ३०० ग्रॅम वाढ मिळाली तर २२८ किलोंचा टप्पा साडेबावीस महिन्यांत गाठला जातो आणि पहिलं वेत बत्तीसाव्या महिन्यात पदरात पडतं. एक अख्खं वर्ष वाचलं, ते रोजच्या शंभर ग्रॅमवर. हे शंभर ग्रॅम कमी पडायला सुरुवात होते ती पहिल्या सहा महिन्यांत, त्या ओढून नेलेल्या सडापाशी.

मग आपण म्हणतो, देवणी जातच उशिरा माजावर येते. थोडं खरंही आहे. आपल्याकडची सगळीच वशिंडाची जनावरं युरोपातल्या गायींपेक्षा उशिरा वयात येतात. पण जातीच्या नावावर खपवलेल्या उशिरातला बराचसा उशीर आपल्या गोठ्यातला असतो. म्हणून या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण निवडीचं नाही, संगोपनाचं आहे. वाचणारा कंटाळेल हे माहीत असूनही ते तिथं ठेवलं आहे. उपाशी वाढवलेल्या पाच कालवडींतून एक निवडणं म्हणजे कुणाची उपासमार जरा कमी झाली ते शोधणं. रक्त कुणाचं चांगलं आहे ते त्यातून कळत नाही. जन्मल्यावर तास-दोन तासांत पोटभर चीक, नाळेला आयोडीन, पुढं जंताचं औषध आणि आईच्या दुधातला न्याय्य वाटा एवढं सगळ्यांना सारखं मिळालं, तरच पुढं तुलना करण्यात काही अर्थ.

वजन मोजायला काटा लागत नाही, टेप लागतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्यायचा. खांद्याच्या टोकापासून बसण्याच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची. घेराला घेरानं गुणायचं, त्याला लांबीनं गुणायचं आणि ६६० नं भागायचं. किलोत वजन निघतं. घेर ५६ इंच आणि लांबी ४८ इंच भरली तर उत्तर २२८ येतं, म्हणजे वरच्या उदाहरणातली कालवड भरवण्याजोगी झाली. पाच-दहा किलोंचा फरक पडतो, पण नुसत्या नजरेच्या अंदाजापेक्षा टेप कधीही बरा. नजरेला पोट दिसतं, आणि नुसत्या सोयाबीनच्या गुळीवर वाढलेल्या कालवडीचं पोटच काय ते मोठं असतं.

आता जातीबद्दल थोडं, कारण कशातून निवडायचं हे कळल्याशिवाय काय निवडायचं ते कळत नाही.

देवणी हे आज लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. निजामाच्या राज्यात उदगीरचा सगळा भाग बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. जनावरांनी यातली एकही हद्द मानली नाही. उदगीर, देवणी, निलंगा, अहमदपूर, नांदेडकडचे मुखेड आणि देगलूर, पलीकडे कर्नाटकातले बीदर, भालकी हा सगळा एकच पट्टा आहे. पाहुणे-रावळे जसे दोन्ही राज्यांत विखुरलेले, तशीच गुरंही. जोशी आणि फिलिप्स यांनी १९५३ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी भारत-पाकिस्तानातल्या वशिंडाच्या जनावरांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात देवणीची गणना गीरच्या कुळात केली आहे. गीर, डांगी आणि इथली स्थानिक जनावरं यांच्या मिसळीतून ही जात घडली असं मानतात. फुगीर कपाळ, लांब लोंबते कान, सैल कातडी, गळ्याखाली जाड पोळी ही गीरची आठवण. बांधा आणि चाल मात्र डोंगरातल्या कामाच्या जनावराची. तिचं जुनं नाव डोंगरपट्टी, ते अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. शेजारीच कंधारची लाल कंधारी आहे, निव्वळ ओढकामाची, अंगानं आटोपशीर. तिचा विषय वेगळा आणि तितकाच मोठा, म्हणून इथं घेतलेला नाही.

देवणीत तीन प्रकार सांगतात. अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या तो वानेरा. जवळजवळ पूर्ण पांढरं, खालच्या अंगाला काळे ठिपके असलं तर बाळंक्या. पांढऱ्यावर वेडेवाकडे काळे डाग पसरले असले तर शेवेरा. प्रदर्शनात हे तीन प्रकार पाहिले जातात आणि पाहावेतही, कारण जातीची ओळख टिकायला काही खुणा लागतात. अडचण पुढं येते. बाजारात ज्या रंगाची चलती, त्याच रंगाची कालवड घरी ठेवली जाते, आणि ठेवण्याचं दुसरं कारण कुणी विचारत नाही. रंग आईबापांकडून वासरात सहज उतरतो, म्हणून त्यावर निवड करणं सोपं आणि फळही लगेच दिसतं. दूध त्या मानानं बेतानं उतरतं. वेळेवर गाभण राहण्याची सवय तर फारच थोडी उतरते. आपल्याकडे निवडीला कालवडी मुळात मोजक्या; त्यातली सगळी निवड रंगावर खर्च झाली तर दुधाला आणि विण्याला काही उरतच नाही. माझ्या मते रंग ही शेवटची चाळणी असावी. दोन कालवडी बाकी सगळ्यात सारख्या निघाल्या तर मग खुशाल वानेरा घ्यावी.

पहिली चाळणी आई. बाजारात कालवड बघायला आलेला माणूस बहुधा आधी दात उघडून बघतो, अदात आहे की दोन दाती, आणि मग शेपटाला हात घालतो. खरा जाणता असतो तो दावं हातात घेण्याआधी विचारतो, “मामा, हिची माय हाय का घरी? आधी ती दावा, मग हिच्याकडं बगू.” विकणारा “माय इकली” म्हणाला की हा पुढच्या दावणीकडे चालू लागतो. त्याचं बरोबर आहे. दीड वर्षाच्या कालवडीच्या अंगावर तिचं दूध लिहिलेलं नसतं, तिच्या आईच्या कासेवर लिहिलेलं असतं. आईनं किती वेतं दिली, दोन वेतांत किती महिन्यांचं अंतर गेलं, वासरं जगली का, कास कधी सुजली का, दुष्काळात ती कशी राहिली, हे सगळं घरातल्या बाईला तोंडपाठ असतं. पुरुषमाणूस दुधाचा आकडा फुगवून सांगतो. धार काढणारी बाई सांगते ती गोष्ट खरी. पुस्तिकेतले सगळे प्रश्न म्हणूनच तिला विचारायचे म्हणून लिहिले आहेत.

दुधाच्या आकड्याचा मोह आवरायला हवा. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या नोंदीत देवणीचं एका वेताचं दूध सरासरी साडेआठशे किलोच्या घरात आहे. कुणी दिवसाला बारा लिटर सांगत असेल तर विल्यावर कितव्या दिवशीचं आणि पुढं किती महिने टिकलं, एवढं विचारावं. कोरडवाहू रानात कडब्यावर आणि हरभऱ्याच्या भुसावर दर पंधरा महिन्यांनी विणारी, सात-आठ वेतं देणारी सहा लिटरची गाय मला बारा लिटरच्या पण दोन वर्षांनी विणाऱ्या गायीपेक्षा जास्त मोलाची वाटते. दूध संघाच्या माणसाला हे पटत नाही. त्याचं गणित दिवसाचं असतं.

आई पसंत पडली की कालवड. दीड वर्षाची झाली की ती सपाट जमिनीवर उभी करावी, दावं सैल सोडावं आणि आधी मागून बघावं. बहुतेक जण तोंडाकडून सुरुवात करतात, कारण कपाळ आणि कान तिथं आहेत. पैदाशीचा रस्ता मागे आहे. बसण्याच्या दोन हाडांमधे अंतर चांगलं हवं, पुठ्ठा रुंद आणि थोडासाच उतरता. फार अरुंद पुठ्ठ्याची कालवड विताना अडते. देवणीवर देवणीचंच बीज असेल तर हे क्वचित होतं, पण लहानखुऱ्या कालवडीला होल्स्टिनची रेतनाची कांडी भरली की डॉक्टरला रात्री धावावं लागतं. मागचे पाय सरळ, टाचा एकमेकींना घासत नाहीत. मग खाली वाकून कास. अजून ती कास नसतेच, कातडीची मऊ घडी असते, पण चार सड स्पष्ट दिसतात. ते सारख्या अंतरावर, सारख्या लांबीचे हवेत, एका बाजूला गोळा झालेले नकोत. जादा सड असेल तर लहानपणीच डॉक्टरकडून काढून घ्यावा. कासेवरची कातडी चिमटीत धरून सोडावी. पातळ, सैल आणि लगेच जागेवर जाणारी हवी. हात लावल्यावर कालवड बुजली तर हरकत नाही, पण सारखी लाथ झाडत असेल तर तिच्या आईला विचारा, म्हणजे आईच्या मालकिणीला. स्वभाव घराण्यात येतो.

मग दहा-वीस पावलं चालवावी. मागचं पाऊल पुढच्या पावलाच्या ठशावर किंवा जवळ पडलं तर चाल मोकळी आहे. खूर काळे, घट्ट, दोन नख्यांमधली फट बंद. देवणीला अजूनही चरायला लांब जावं लागतं, खुराची कसूर तिला परवडत नाही. छाती रुंद, बरगड्या गोल. एवढं झाल्यावर समोर यावं आणि कपाळ, कान, शिंगं बघून जात ओळखावी. इथपर्यंत आलेली कालवड डोळ्यात भरायची राहिली तरी चालेल.

काही कालवडी मात्र तपासायच्याच नाहीत, सरळ वगळायच्या. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड शंभरातल्या नव्वदाहून अधिक वेळा वांझ निघते. पोटात दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं आणि गोऱ्ह्याच्या रक्तातल्या द्रव्यांनी तिचं गर्भाशय नीट घडतच नाही. अडीच-तीन वर्षं खाऊ घालून हे कळण्यापेक्षा जन्माच्या दिवशी नोंद केलेली बरी. आणि बाजारातून गाभण कालवड आणणाऱ्यांनी सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची तपासणी केल्याशिवाय तिला दावणीला बांधू नये. हा रोग माणसालाही होतो. घरच्या कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात त्याची लस एकदाच टोचतात, ती जन्माला पुरते. २०१९ पासून राष्ट्रीय रोगनियंत्रण कार्यक्रमात ही लस आहे. गावातल्या दवाखान्यात विचारलं तर मिळते, विचारणारे कमी.

कालवडींच्या निवडीवर जगात जी पुस्तकं आहेत, त्यातली बरीचशी मांसासाठी गायी पाळणाऱ्या देशांत लिहिली गेली आहेत. अमेरिकेचा दक्षिण भाग, ब्राझील, ऑस्ट्रेलियाचा उष्ण पट्टा. गंमत अशी की तिथल्या कळपांत आपलंच रक्त आहे. जिच्या पैदासकारांची संघटना अमेरिकेत १९२४ साली झाली, त्या ब्राह्मण जातीत गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची जनावरं आहेत. तिकडचा मालक गाय दिवसाला किती दूध देते हे विचारत नाही. दर वर्षी एक वासरू देते का आणि ते स्वतःच्या दुधावर धड वाढवते का, एवढंच विचारतो. कालवडी भरवायच्या हंगामात पंचेचाळीस ते साठ दिवस वळूबरोबर सोडतात, मग तपासतात, आणि गाभण नसलेली प्रत्येक कालवड कत्तलखान्याकडे जाते. तिच्यावर दुसरा हंगाम कुणी खर्च करत नाही. या कडक शिस्तीमुळे त्यांच्या कळपात वेळेवर गाभण राहणाऱ्या गायीच उरत गेल्या.

आपल्याला त्यांचा प्रश्न उचलण्यासारखा आहे. त्यांचं उत्तर आपल्याकडे लागू पडत नाही. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या प्राणी रक्षण अधिनियमानं बंदी आहेच, आणि त्यातली दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये लागू झाल्यापासून बैल आणि वळूही त्यात आले. कायद्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध लिहायला ही जागा नाही. पण निवडीवर त्याचा जो परिणाम झाला तो सांगितल्याशिवाय पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. निवड म्हणजे काही ठेवणं, तसंच काही काढणं. काढलेल्या जनावराला गिऱ्हाईकच राहिलं नाही तर शेतकरी काढायच्या आधीच हात आवरतो: चार कालवडी वाढवून दोन निवडण्याऐवजी तो मुळात एकच वाढवतो, किंवा एकही नाही. न वाढवलेल्या कालवडींत सर्वात चांगली कोणती होती, हे कुणालाच कळत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात मादी गोवंश वाढला आणि देशी गोवंश मात्र सहा टक्क्यांनी घटला, या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या की गोठ्यात काय चाललंय त्याचा अंदाज येतो.

दुसरा परिणाम दुष्काळाचा. मराठवाड्यात चारा संपला की सगळ्यात आधी दावणीतून सुटते ती कालवड. ती दूध देत नाही, औत ओढत नाही, आणि खाते मात्र रोज. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात बाजारात सगळ्यात स्वस्त काय होतं, हे इथल्या कुणालाही विचारा. दुष्काळाचं खरं नुकसान तीन-चार वर्षांनी दिसतं. म्हाताऱ्या गायी भाकड होतात आणि त्यांच्या जागी यायला कालवडी नसतात. त्यातच ज्वारीचं रान सोयाबीननं घेतलं. कडबा कमी झाला आणि गुळी वाढली. गुळी पोट भरते, कालवड वाढवत नाही. म्हणून चाऱ्याच्या प्रकरणात थोडी वाकडी वाट करून एक सूचना केली आहे: दुष्काळात विकायचीच वेळ आली तर आधी म्हातारी, मग उलटणारी, मग कमी दुधाची गाय काढावी, आणि निवडलेली कालवड शेवटपर्यंत धरून ठेवावी. दहा वाचकांतले नऊ हे ऐकणार नाहीत, कारण गाय आज दूध देते. पण एकानं ऐकलं तरी गावात एक घराणं टिकतं.

गावाचा उल्लेख मुद्दाम केला. निवडीची सगळी पुस्तकं कळप गृहीत धरतात आणि आपल्याकडे कळप नाही. दहा गायींचा हिशेब करून बघा. दर पंधरा महिन्यांनी एक वेत धरलं तर वर्षाला आठ वासरं, त्यातल्या चार कालवडी, एखादी दगावली तर तीन. गाय सहा वेतं टिकली तर दहा गायींच्या गोठ्याला वर्षाला एक-दीड नवी गाय लागते. म्हणजे तिनातून एक किंवा दोन निवडता येतात. आता हाच हिशेब दोन गायींच्या घरात लावा. वर्षाला धड एक कालवडही नाही. तिथं निवड कसली करायची? जी झाली ती ठेवायची. देवणीचे बहुतेक मालक याच घरातले आहेत, आणि त्यांना कालवड निवडायला सांगणं ही चेष्टा होईल.

म्हणून निवडीचं एकक घर नसून गाव, निदान वस्ती असायला हवं. वीस घरांच्या मिळून चाळीस गायी होतात, त्यांच्या वर्षाला सोळाएक कालवडी. त्यांच्या आयांची नोंद एका वहीत असेल तर त्यातल्या पाच-सहा उत्तम कालवडी कुणाच्या घरी आहेत हे दिसतं. त्या घराला विकायची गरज पडली तर गावातलाच दुसरा घेईल, उदगीरच्या बाजारात अनोळखी हातात जाणार नाही. गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो. वहीत आईचा तो क्रमांक लिहिला की दोन पिढ्यांनीसुद्धा घराणं शोधता येतं. गावच्या वळूबद्दलही हीच वही बोलते. तोच वळू तीन-चार वर्षांहून जास्त राहिला की त्याच्याच मुली त्याच्याकडे भरवायला येतात, आणि रक्त आत-आत फिरायला लागतं. वळू बदलायचं वर्ष वहीतून कळतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या देवणीच्या कळपात अशी नोंद वर्षानुवर्षं ठेवली जाते. विद्यापीठाला जमतं ते गावाला जमणार नाही असं नाही, वही एकच लागते. माणूस मात्र चिकट लागतो.

एका धोक्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. गीरचं वारं गेल्या काही वर्षांत जोरात आहे, आणि देवणी गीरसारखी दिसते म्हणून तिला गीरची कांडी भरण्याचा मोह होतो. झालेली कालवड दिसायला देखणी असते, दूधही बरं देते. तिच्यात वाईट काही नाही, फक्त ती देवणी नाही, आणि चार-पाच वर्षांनी ती देवणी म्हणून विकली जाते. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचं महत्त्व कमी झालं, तेव्हा देवणी दुधाची करायची की दुहेरीच ठेवायची, हा वाद खरा आहे आणि त्यात मी पूर्णपणे एका बाजूला नाही. पण दूध वाढवायचं तर देवणीतल्याच दुधाळ आयांच्या कालवडी ठेवून वाढवता येतं. त्याला वेळ लागतो. गीरची कांडी भरून दूध लवकर वाढेल, आणि देवणी तितक्याच लवकर संपेल.

सगळं बघून ठेवलेली कालवडसुद्धा पक्की होते ती पहिल्या वेतानंतरच. पान्हा कसा सोडते, वासराला चाटते का, कास चारी सडांत सारखी भरते का, आणि विल्यानंतर पुन्हा माजावर किती दिवसांनी येते, हे तोवर कुणालाच सांगता येत नाही. दूध कमी निघालं तर दुसऱ्या वेतापर्यंत थांबावं. पहिलारूचं दूध पुढं वाढतं. माज सहा महिने दिसला नाही तर आधी खुराक आणि गर्भाशय तपासावं, मग कालवडीला दोष द्यावा. सगळं करूनही ती राहिलीच नाही तर तिचं काय करायचं, हा पुस्तिकेतला सगळ्यात कच्चा भाग आहे. शेजाऱ्याला देणं, गोशाळेत देणं, घरी ठेवून शेणखतावर समाधान मानणं, यातला प्रत्येक पर्याय कुणीतरी वापरतो आणि प्रत्येकात कुणाच्या तरी खिशाला चाट बसते. ती चाट एकट्या मालकानं सोसायची की वहीतल्या वीस घरांनी वाटून घ्यायची, याचा एक कच्चा हिशेब शेवटच्या प्रकरणात मांडला आहे. आकडे आपापल्या गावच्या चाऱ्याच्या भावानं बदलून घ्यावेत. शेवटी कोरे तक्ते जोडले आहेत. त्यात कालवडीच्या नावाच्या आधीचा रकाना तिच्या आईच्या बिल्ल्याचा आहे, आणि तो भरल्याशिवाय पुढचे रकाने भरू नयेत.